मतदानपूर्व चाचण्या आणि माध्यमं: आकडा तयार कसा होतो आणि मतदारापर्यंत पोचतो कसा?

अर्धविराम

निवडणूक जाहीर झाली की 'आज मतदान झालं तर' छापाचे कार्यक्रम सुरू होतात. त्यावरची चर्चा बहुतेक वेळा दोन वाक्यांत आटपते: 'सगळं पैसे देऊन केलेलं असतं' किंवा 'शास्त्र आहे, चुकायचंच कधीतरी'. या दोन्ही वाक्यांनी समोरचा आकडा वाचता येत नाही. तो वाचता यावा म्हणून हा धागा. या कामाची आतली माहिती असलेल्यांनी सविस्तर लिहावं. पक्षांची भांडणं कृपया दुसऱ्या धाग्यावर.

सुरुवातीला तीन गोष्टी वेगळ्या करून ठेवतो. मतदानाआधी घरी जाऊन किंवा फोनवर 'कोणाला देणार' असं विचारलं तर तो ओपिनियन पोल. मत देऊन केंद्राबाहेर पडणाऱ्याला तिथल्या तिथे 'कोणाला दिलं' असं विचारलं तर एक्झिट पोल. मतदान झाल्यावर, पण निकालाआधी, मतदारयादीतून निवडलेल्या माणसाच्या घरी जाऊन विचारलं तर पोस्ट पोल. लोकनीती-सीएसडीएस या दिल्लीतल्या संशोधन संस्थेचे मोठे अभ्यास मुख्यतः या पद्धतीचे असतात. तिघांच्या चुका वेगळ्या. पहिल्यात मत अजून बदलू शकतं आणि 'देणार' म्हणणारा केंद्रावर जाईलच असं नाही. दुसऱ्यात केंद्राच्या आसपास पक्षाचे कार्यकर्ते उभे असतात, त्यामुळे दबकून उत्तर दिलं जातं. तिसऱ्यात माणूस घरात असतो, पण 'जिंकणारा वाटतो' त्याचं नाव सांगायचा मोह असतोच.

आता नमुना. विधानसभेच्या मोठ्या राज्यासाठी समजा ४० मतदारसंघ निवडले, प्रत्येकात ४ मतदान केंद्रं, प्रत्येक केंद्राच्या यादीतून २५ नावं. झाले ४,०००. यादीत १,००० नावं असतील तर १ ते ४० मधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा, समजा १७ आला, की मग १७, ५७, ९७ असं दर ४०वं नाव घ्यायचं. प्रगणकाने त्या नावाच्या माणसालाच गाठायचं. पक्षाचा प्रश्न तोंडी विचारायचा नाही. चिन्हं छापलेली नकली मतपत्रिका हातात द्यायची, त्याने खूण करून घडी घालून पेटीत टाकायची. एवढं सगळं नीट केलं तर कामाची चाचणी होते.

प्रत्यक्षात गडबड इथेच होते. यादीतला माणूस कामासाठी दुसऱ्या गावी गेलेला, घराला कुलूप, लेक लग्न होऊन सासरी गेलेली पण नाव अजून माहेरच्या यादीत. अशा वेळी नियम असा की दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जायचं. पण प्रगणकाला पैसे भरलेल्या फॉर्मागणिक मिळत असतील तर तो शेजारच्या घरात बसलेल्याला विचारून मोकळा होतो. दिवसा घरी असणारी माणसं एका विशिष्ट वयाची आणि कामाची असतात, त्यामुळे नमुना तिथेच कलतो. त्याहून वाईट म्हणजे घरबसल्या भरलेले फॉर्म. म्हणून चांगल्या संस्था टॅबलेटवर मुलाखतीची जागा आणि वेळ नोंदवतात, मधले काही प्रश्न आपोआप ध्वनिमुद्रित करतात आणि ठरावीक टक्के लोकांना उलट फोन करून 'आमचा माणूस आला होता का' हे तपासतात. ज्या चाचणीत ही तपासणी झाल्याचा उल्लेखच नाही, तिचा आकडा मी तरी धरत नाही.

रानवारा

उत्तम सुरुवात. नमुन्याच्या आकाराबद्दल लिहितो, कारण 'तीन लाख लोकांना विचारलं' अशी जाहिरात हल्ली फार दिसते.

पूर्ण यादृच्छिक नमुना असेल तर ९५ टक्के खात्रीने चूक किती पडेल हे नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळावर ठरतं. ५०० लोक: अधिक-उणे ४.४ टक्के. १,०००: ३.१. २,०००: २.२. ४,०००: साधारण १.५. १०,०००: १. म्हणजे चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात. राज्याची लोकसंख्या किती आहे याचा यात जवळजवळ संबंध नाही. शितावरून भाताची परीक्षा होते ती भांडं नीट ढवळलेलं असेल तरच. भांडं केवढं आहे याने फरक पडत नाही.

आता अर्धविराम यांनी दिलेलंच उदाहरण घ्या. एका केंद्रावरचे २५ जण एकाच वस्तीतले, बहुतेकदा एकमेकांसारखं मत देणारे. हे सारखेपण (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे अगदी एकसारखं) थोडंसं, म्हणजे ०.०५ धरलं तरी हिशेब असा होतो: १ अधिक (केंद्रावरचे बाकीचे २४ गुणिले ०.०५) बरोबर २.२. चार हजार भागिले २.२, म्हणजे साधारण १,८०० लोकांना सुटं सुटं विचारल्याएवढीच माहिती तुमच्या हाती आहे. चूक दीडवरून २.३ वर गेली. वाहिनीवर मात्र दीडच छापलं जातं, तेही छापलं तर.

आणि ही चूक एका पक्षाच्या टक्केवारीची. दोन पक्षांमधल्या फरकाची चूक जवळजवळ दुप्पट असते. ४२ विरुद्ध ३९ आणि चूक २.३ असेल तर तीन टक्क्यांच्या आघाडीवरची चूक चारच्या पुढे जाते. या परिस्थितीत 'अमुक आघाडी पुढे' हे वाक्य आकड्यातून निघतच नाही.

हे सगळं गणित फक्त योगायोगाच्या चुकीचं. कोण नमुन्यात आलंच नाही, याचा त्यात हिशेब नाही, आणि खरा घात तिथे होतो. १९३६ चं उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असतं: अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे १ कोटी पत्रं पाठवली, २० लाखांवर परत आली आणि रिपब्लिकन उमेदवार लँडन ५७ टक्के घेऊन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने साधारण ५० हजारांच्या नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला होता. हे सांगताना 'फोन आणि मोटारी असलेल्या श्रीमंतांची यादी वापरली' एवढंच सांगितलं जातं. ते खरं, पण अर्धं. पत्र मिळालेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी उत्तरच दिलं नाही, आणि उत्तर देणारे रूझवेल्टवर नाराज असलेल्यांतले जास्त होते. आजच्या ऑनलाइन 'तुमचा कौल द्या' प्रकारात नेमकं हेच होतं. त्यात दहा लाख मतं पडली तरी ती शून्य किमतीची.

शेवंती_०७

मग भारित करतात ना? म्हणजे स्त्रिया कमी आल्या तर त्यांची मतं वाढवून धरायची. त्याने ही त्रुटी भरून निघत नाही का?

रानवारा

@शेवंती_०७, काही प्रमाणात. नमुन्यात स्त्रिया ३८ टक्के आणि यादीत ४८ टक्के असतील तर प्रत्येक स्त्रीचं उत्तर १.२६ ने गुणायचं, पुरुषाचं ०.८४ ने. पण यात एक गृहीतक आहे: ज्या स्त्रिया बोलल्या त्या न बोललेल्या स्त्रियांसारखंच मत देतात. एक्झिट पोलमध्ये प्रगणकाशी थांबून बोलणारी बाई आणि मान खाली घालून निघून जाणारी बाई, या दोघींचं मत सारखंच असेल असं धरणं धाडसाचं आहे.

दुसरी अडचण आपल्याकडची. भारित करायला खरा आकडा लागतो. अनुसूचित जाती, जमाती आणि धर्म यांचे आकडे २०११ च्या जनगणनेतून मिळतात, तेही जुने झालेत. इतर जातींचे राज्यवार विश्वासार्ह आकडे हाताशी नसतात, आणि इथलं मतदान तर त्यांवर बरंच ठरतं. मग संस्था स्वतःचे अंदाज वापरते, आणि ते अंदाज काय होते हे कधीच सांगत नाही.

अमेरिकेत २०१६ मध्ये अनेक राज्यस्तरीय चाचण्यांनी शिक्षणानुसार भारित केलं नव्हतं. पदवीधर लोक चाचणीला जास्त उत्तर देतात, आणि त्या वर्षी पदवीधर व बिगरपदवीधर यांची मतं फार वेगळी पडली. ब्रिटनमध्ये २०१५ ला चाचण्या फसल्यावर पॅट्रिक स्टर्जिस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. तिचाही निष्कर्ष हाच होता की मुख्य दोष नमुन्यात होता. मतदारांनी शेवटच्या क्षणी विचार बदलला ही सबब तिथे टिकली नाही. आपल्याकडे अशी जाहीर चौकशी कधीच होत नाही, याची मला सगळ्यात जास्त खंत वाटते.

देवराई

टक्केवारी बरोबर आली तरी जागा चुकतात. या विषयाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग हा आहे, म्हणून थोडं लांब लिहिते.

मध्य प्रदेश २०१८: भाजप ४१.० टक्के मतं, १०९ जागा. काँग्रेस ४०.९ टक्के, ११४ जागा. कर्नाटक २०१८: काँग्रेसला ३८ टक्के, भाजपला ३६ टक्के, आणि जागा भाजपच्या १०४, काँग्रेसच्या ८० च्या आसपास. हरियाणा २०२४: भाजप आणि काँग्रेसमध्ये एका टक्क्याहूनही कमी अंतर, जागा ४८ आणि ३७. लोकसभा २०१९ ते २०२४: भाजपची देशभरातली मतं सुमारे पाऊण टक्क्याने घटली, जागा ३०३ वरून २४०. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभेला दोन्ही आघाड्यांची मतं जवळपास बरोबरीत होती, पण महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या. आता रानवारा यांनी वर काढलेली २.३ टक्क्यांची चूक या यादीशेजारी ठेवून बघा.

मतांवरून जागा काढायची रूढ रीत 'स्विंग'ची. समजा मागच्या वेळी सत्ताधारी ४४, विरोधक ४०. चाचणीत सत्ताधारी ४१, विरोधक ४२. सत्ताधाऱ्यांचे ३ गेले, विरोधकांचे २ वाढले, सरासरी अडीच. हा अडीचचा झुकाव सगळ्या मतदारसंघांना सारखा लावायचा. जिथे सत्ताधाऱ्यांची मागची आघाडी ५ टक्क्यांपेक्षा कमी होती त्या सगळ्या जागा पडल्या असं धरायचं. झुकाव दीडच असता तर ३ टक्क्यांखालच्याच जागा पडल्या असत्या. म्हणजे ३ ते ५ टक्के आघाडीच्या मधल्या पट्ट्यातली प्रत्येक जागा एका टक्क्याच्या फरकावर टांगलेली असते, आणि मोठ्या राज्यात त्या पट्ट्यात डझनावारी जागा असतात.

शिवाय 'सगळीकडे सारखा झुकाव' हे गृहीतक. प्रणय रॉय, अशोक लाहिरी आणि डेव्हिड बटलर या निवडणूक अभ्यासकांनी भारतासाठी त्याला विरोधकांच्या एकजुटीचा निर्देशांक जोडला: विरोधी मतांपैकी सगळ्यात मोठ्या विरोधी पक्षाकडे किती टक्के आहेत. ६० पैकी ४५ मतं एकाकडे असतील तर ७५. तीच तिघांत २० अशी विभागली तर ३३. सत्ताधारी ४० वरच असताना पहिल्या परिस्थितीत हरतो, दुसऱ्यात दणदणीत जिंकतो. मतदाराचं मन जराही न बदलता, फक्त आघाडी जुळली की फिसकटली यावर सगळं उलटतं.

आणि पक्षच फुटला तर? २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटल्यावर महाराष्ट्रात झुकाव मोजायचा कशापासून हाच प्रश्न होता. २०१९ ला धनुष्यबाणाला पडलेलं मत कोणत्या बाजूला धरायचं? तिथे प्रत्येक संस्थेने आपल्या अंदाजाने वाटणी केली. ती वाटणी म्हणजे मतदाराचा कौल नव्हता, विश्लेषकाचं मत होतं.

बोरूबहाद्दर

+१. वरच्या नमुन्यात ४,००० लोक २८८ जागांवर वाटले तर जागेमागे १४ येतात. तरी 'मतदारसंघनिहाय अंदाज' म्हणून नकाशे रंगवले जातात. तो रंग चाचणीतून येत नाही. मागचा निकाल, झुकाव आणि स्थानिक पत्रकारांचे फोन यांतून येतो.

शेवंती_०७

देवराई, फार छान समजावलंत. पण मूळ प्रश्न राहिला. याने मतदार खरंच बदलतो का? 'वारं तिकडचं आहे म्हणून तिकडे' असं होतं का?

बोरूबहाद्दर

होतं, पण समजतो तेवढं सरळ नाही, आणि परिणाम दोन्ही दिशांनी होतो.

फ्रान्सचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. २००५ पर्यंत तिथल्या समुद्रापारच्या काही प्रदेशांत मतदान संपायच्या आत मुख्य भूमीचे एक्झिट पोल बाहेर आलेले असायचे. नंतर नियम बदलून तिथलं मतदान एक दिवस आधी घेऊ लागले. आधीच्या आणि नंतरच्या निवडणुकांची तुलना केल्यावर दिसलं की निकाल कळलेला असताना मतदान सुमारे ११ टक्के बिंदूंनी कमी होत होतं, आणि जे येत होते ते जिंकणाऱ्याकडे जास्त झुकत होते. दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंडच्या सार्वमतांत चुरशीची चाचणी छापून आली की मतदान वाढल्याचं आढळलं. म्हणजे 'ठरलंय' ही बातमी माणसाला घरी बसवते आणि 'घासून आहे' ही बातमी बाहेर काढते.

अमेरिकेत १९८० मध्ये पश्चिम किनाऱ्यावर मतदान चालू असतानाच वाहिनीने रेगन जिंकल्याचं जाहीर केलं आणि कार्टर यांनी पराभवही मान्य केला. त्यानंतर वाहिन्यांनी ठरवलं की एखाद्या राज्यातलं मतदान संपल्याशिवाय तिथला निकाल सांगायचा नाही.

माझ्या मते आपल्याकडे थेट मतदारावरचा परिणाम दुय्यम आहे. मोठा परिणाम मधल्या लोकांवर होतो. चाचणी विरोधात गेली की देणगी देणारा हात आखडतो, बूथवरचा कार्यकर्ता ढिला पडतो, उमेदवारी न मिळालेला बंडखोर अर्ज मागे घ्यायचा की नाही हे त्यावरून ठरवतो, शेवटच्या आठवड्यात गावपातळीवरचे पुढारी कुठे बसायचं ते ठरवतात. मतदारापर्यंत पोचते ती या सगळ्यांची हालचाल, वाहिनीवरचा आलेख नव्हे.

देवराई

बोरूबहाद्दर, इथे थोडी असहमत. एका बाबतीत थेट परिणाम मोठा असतो: तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या बाबतीत. ज्याच्या जास्त मतं त्याची जागा, अशा पद्धतीत 'माझं मत वाया जाऊ नये' हा विचार बळकट असतो. चाचणीने एखाद्याला १४ टक्क्यांवर तिसरा दाखवला की त्याच्या मतदाराला पहिल्या दोघांतला कमी नकोसा निवडावा लागतो. १४ चे ९ होतात. मग निकालानंतर चाचणी बरोबर ठरल्यासारखी दिसते, कारण तिनेच ते घडवलं. आणि हा १४ चा आकडा किती कच्च्या नमुन्यावर उभा असतो ते वर आलंच आहे. छोट्या पक्षांवर आणि अपक्षांवर होणारा हा खरा अन्याय आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. वाहिन्या तर त्यांना 'इतर' या एका खान्यात टाकून मोकळ्या होतात.

बोरूबहाद्दर

हा मुद्दा मान्य, आणि चांगला आहे. 'इतर'वरून संपादनाकडे येतो.

संस्थेकडून वाहिनीकडे येतो तो अहवाल साधारण असा असतो: पक्षनिहाय मतं, 'सांगता येत नाही' १८ टक्के, जागांचा पल्ला ११० ते १४०. पडद्यावर जाईपर्यंत तीन गोष्टी होतात. ते १८ टक्के सगळ्यांत प्रमाणात वाटून टाकले जातात. म्हणजे अजून न ठरवलेला माणूस ठरवलेल्यासारखाच वागेल असं धरलं जातं. पल्ल्याचा मध्य काढून '१२५' मोठ्या अक्षरात लावला जातो. आणि चार संस्थांची सरासरी काढून 'महाचाचणी' केली जाते. चारही चाचण्यांत एकच वर्ग सुटला असेल तर सरासरीने ती चूक जात नाही, उलट जास्त खात्रीची वाटते. शिवाय शेवटच्या दिवसांत संस्था एकमेकांचे आकडे पाहून आपला वेगळा आलेला आकडा कळपाकडे सरकवतात. २०२४ च्या लोकसभेत जवळजवळ सगळ्या एक्झिट पोलनी रालोआला ३५० च्या पुढे, काहींनी ४०० पर्यंत दाखवलं होतं, आले २९३. इतक्या सगळ्यांची चूक एकाच दिशेने होणं हे योगायोगाच्या चुकीचं लक्षण नाही.

अवांतर: त्या एक्झिट पोलनंतर ३ जूनला सेन्सेक्स २,५०० अंशांनी वर गेला आणि ४ जूनला निकालाच्या दिवशी जवळपास ४,४०० अंशांनी खाली आला. मतदान संपल्यानंतरचा आकडा निरुपद्रवी असतो, असं म्हणणाऱ्यांनी हे दोन दिवस आठवावेत.

चाचणीपेक्षा माध्यमांचं खरं वजन वेगळीकडे असतं. मॅककोम्ब्स आणि शॉ या माध्यम अभ्यासकांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिल गावात तपासलं: माध्यमांनी ज्या प्रश्नांना जास्त जागा दिली तेच प्रश्न मतदारांना महत्त्वाचे वाटत होते. कोणाला मत द्या हे माध्यमं फारशी ठरवू शकत नाहीत. कशावरून मत द्यायचं हे बऱ्यापैकी ठरवतात. प्रचाराचे तीन आठवडे 'कोण पुढे, कोण मागे' यातच गेले की कांद्याचा भाव, पीकविमा, पाणी यांना जागाच उरत नाही. चाचण्यांचा सगळ्यात मोठा परिणाम मला हा वाटतो.

थेट परिणामाचाही एक नेमका आकडा आहे. अमेरिकेत फॉक्स न्यूज केबलवर हळूहळू, गावागणिक सुरू झालं. १९९६ आणि २००० ची तुलना करून डेलाविन्या आणि कॅप्लन या अर्थतज्ज्ञांनी काढलं की जिथे ती वाहिनी पोचली तिथे रिपब्लिकन मतं ०.४ ते ०.७ टक्के बिंदूंनी वाढली. किरकोळ वाटतं. देवराई यांनी वर दिलेली मध्य प्रदेशची ओळ पुन्हा वाचा.

मुळाक्षर

कायद्याची बाजू लिहितो, कारण 'सगळ्यावर बंदी आहे' आणि 'कशावरच नाही' हे दोन्ही चूक आहे.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२६अ: एक्झिट पोल घेणं आणि त्याचे निष्कर्ष छापणं-दाखवणं, दोन्हीवर पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत बंदी. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे कलम २००९ च्या दुरुस्तीने आलं आणि फेब्रुवारी २०१० पासून लागू झालं. २०२४ मध्ये १ जूनच्या संध्याकाळी साडेसहाला सगळ्या वाहिन्या एकदम का सुरू झाल्या, ते यावरून कळेल.

कलम १२६: मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत दूरचित्रवाणी, चित्रपट वा तत्सम साधनांनी निवडणुकीवर परिणाम करणारा मजकूर दाखवायला मनाई. ओपिनियन पोलचे निष्कर्षही त्यात येतात. यात दोन भोकं आहेत. वृत्तपत्रं या कलमात नाहीत. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी छापायच्या राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणन (छापण्याआधी मंजुरी) लागतं, ते निवडणूक आयोगाच्या आदेशाने. आणि सात टप्प्यांच्या निवडणुकीत तुमच्या मतदारसंघात हे ४८ तास, म्हणजे शांतता काळ, चालू असताना शेजारच्या मतदारसंघातली सभा तुमच्या घरातल्या टीव्हीवर थेट दिसतेच.

या ४८ तासांच्या बाहेर ओपिनियन पोलवर बंदी नाही. आयोगाने १९९८ मध्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२४ खाली मार्गदर्शक सूचना काढून दोन्ही प्रकार रोखले होते. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या टिकण्यासारख्या नाहीत हे स्पष्ट झाल्यावर मागे घेतल्या. बंदीला कायदा लागतो, नुसती सूचना पुरत नाही. विधी आयोगाने २०१५ च्या २५५व्या अहवालात चाचण्यांच्या नियमनाची शिफारस केली आहे.

इतरत्र काय आहे? इटलीत मतदानाआधी १५ दिवस चाचण्या छापता येत नाहीत. फ्रान्समध्ये आदला दिवस आणि मतदानाचा दिवस. कॅनडात ७२ तासांची बंदी होती, ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये रद्द केली.

शेवंती_०७

मग इटलीसारखं १५ दिवस बंद का करू नये?

रानवारा

कारण चाचण्या बंद होणार नाहीत, फक्त तुम्हाला दिसणार नाहीत. पक्ष, मोठे उद्योग, सट्टेवाले आपापल्या चाचण्या करतच राहतात. जाहीर चाचणी नसली की ती जागा 'आमच्या अंतर्गत सर्व्हेत आम्ही १८०' अशा कुजबुजीने भरते, आणि ती तपासायचा कोणालाच मार्ग नसतो. माझी मागणी बंदीची नाही, उघड करण्याची आहे. प्रेस कौन्सिलच्या १९९६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कोणी घेतली, कोणी घ्यायला लावली, नमुना किती आणि कसा निवडला, चूक किती, हे सगळं सांगावं असं लिहिलेलंच आहे. ते बंधनकारक करून कच्ची टक्केवारी आणि भारित टक्केवारी शेजारी शेजारी छापायला लावा. खोट्या चाचण्या करणाऱ्यांना सगळ्यात जड हे एक कलम जाईल.

तोवर वाचणाऱ्याने आधी प्रत्यक्ष मुलाखती कोणत्या तारखांना झाल्या ते बघावं. उमेदवारी अर्ज मागे घेण्याच्या मुदतीआधीची चाचणी असेल तर कोण कोणाविरुद्ध आहे हेच ठरलेलं नव्हतं. पक्षाच्या नावावर दिलेलं उत्तर उमेदवार समोर आल्यावर बदलतं. मग जागांकडे न बघता मतांची टक्केवारी शोधावी. फक्त जागाच दिल्या असतील तर ती चाचणी वाचण्यासारखी नाही. 'ठरलेलं नाही' किती होते, मुलाखत समोरासमोर की यांत्रिक कॉलवर, हे पाहावं. यांत्रिक कॉल दहा सेकंदांत कापणारे इतके असतात की उरतात ते राजकारणात आधीच रस असलेले. शेवटी तीच संस्था, तीच पद्धत, मागची चाचणी आणि ही चाचणी एवढीच तुलना करावी. एका संस्थेच्या आकड्याची दुसरीच्या आकड्याशी तुलना करून 'तीन टक्क्यांची घसरण' म्हणणं निरर्थक आहे.

देवराई

यात दोन बनावट प्रकार जोडते.

एक, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे 'सर्व्हे'. नामांकित वृत्तसंस्थेचं बोधचिन्ह, खाली जागांचा तक्ता. बीबीसीच्या नावाने असे तक्ते अनेकदा फिरले आणि आपण भारतात निवडणूकपूर्व चाचण्या घेत नाही, असा खुलासा बीबीसीला वारंवार करावा लागला. तपासायला एक मिनिट लागतं: त्या संस्थेच्या संकेतस्थळावर ती बातमी आहे का? तक्त्यात नमुना, तारखा, मतांची टक्केवारी आहे का? नुसता मुख्य पान दाखवणारा दुवा म्हणजे पुरावा नव्हे.

दोन, चाचणीच्या नावाखाली प्रचार. फोन येतो: 'अमुक उमेदवारावर घोटाळ्याचा आरोप आहे हे कळल्यावर तुम्ही त्याला मत द्याल का?' ओळखायची खूण सोपी. खऱ्या चाचणीत वय, शिक्षण, व्यवसाय, मागचं मत विचारतात, कारण त्याशिवाय भारित करता येत नाही. आणि मताचा प्रश्न मुद्द्यांच्या प्रश्नांआधी येतो, नाहीतर आधीचे प्रश्न उत्तर वळवतात. प्रचाराच्या फोनमध्ये यातलं काहीच नसतं, एक-दोन प्रश्नांत संपतो, आणि उत्तर ऐकून घ्यायचीही कोणाला गरज नसते.

शेवंती_०७

पेड न्यूजचं काय? चाचणीच्या रूपात छापलेली जाहिरातच असेल तर तक्रार कुठे करायची आणि तिचं पुढे काय होतं?

मुळाक्षर

प्रत्येक जिल्ह्यात निवडणूक काळात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते, तिच्याकडे. जिल्हा निवडणूक कार्यालयात लेखी द्या. सोबत पूर्ण पानाचं कात्रण, तारीख, आवृत्ती, पान क्रमांक. टीव्हीवरचं असेल तर वाहिनी, वेळ आणि चित्रीकरण. सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे एकाच दिवशी दोन वृत्तपत्रांत वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावाने शब्दशः तोच मजकूर. नुसतं 'एकाच उमेदवाराची स्तुती आहे' एवढ्यावर प्रकरण तग धरत नाही.

समितीला तथ्य वाटलं तर निवडणूक निर्णय अधिकारी प्रसिद्धीपासून ९६ तासांच्या आत उमेदवाराला नोटीस देतात: या मजकुराचा खर्च तुमच्या हिशेबात का धरू नये? उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचं. ते पटलं नाही तर सरकारी जाहिरात दराने त्या जागेची किंमत काढून त्याच्या खर्चात मिळवतात. मोठ्या राज्यांत ही खर्चमर्यादा लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख आहे. पेड न्यूज हा अजून स्वतंत्र निवडणूक गुन्हा नाही, त्यामुळे कारवाईचा रस्ता खर्चाच्या हिशेबातूनच जातो. हिशेब योग्य रीतीने दिला नाही असं आयोगाने ठरवलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०अ खाली तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. वृत्तपत्राचं प्रकरण प्रेस कौन्सिलकडे पाठवलं जातं, पण तिला ठपका ठेवण्यापलीकडे अधिकार नाहीत.

म्हणून तक्रार मतदानानंतर सवडीने करू म्हणून ठेवू नका. ९६ तास छापून आल्याच्या दिवसापासून मोजतात. कात्रण हाती आलं की त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या.